हौस आणि भूक

पोटासाठी मासा मारावा, हौसेसाठी मारू नये, असे आपण सहज म्हणून जातो. तापीकाठच्या आम्हां बऱ्हाणपूरकरांना तर हा न्याय उघडच वाटतो. जाळे टाकणारा भोई पोटासाठी, गळ घेऊन बसणारा हौसेसाठी.

दूरच्या आयर्लंडात मात्र हा न्याय उलटा झाला. तेथे किनाऱ्यालगतचा ‘बास’ मासा कमी होऊ लागला, तेव्हा १९९० साली तो विक्रीसाठी धरण्यास बंदी आली. कोळ्याचे जाळे थांबले. गळवाल्या हौशी माणसाला मोजके मासे घरी नेण्याची मुभा राहिली. ऐकताना अन्याय वाटतो खरा. पण कोळ्याच्या पोटाला माप असते, त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाजाराला नसते.

त्याच समुद्रात श्वास रोखून, बुडी मारून, भाल्याने मासा टिपण्याचाही छंद आहे. गळाला लागलेला मासा सोडून देता येतो आणि दयेचे समाधानही मिळते (जबडा फाटतो तो फाटतोच!). भाल्याला ही पळवाट नाही. मासा लहान की मोठा, हवा की नको, हे आधीच ठरवावे लागते. मला हा छंद अधिक प्रामाणिक वाटतो.

आपल्याकडे सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरले. महसीर २०११ पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. विणीच्या हंगामात, १६ जून ते १५ ऑगस्ट, नदीतली मासेमारी बंद असते. ती झळ भोयाच्या चुलीला बसते. त्या दिवसांत कोणी नदीचा मासा विकताना सापडला तर त्याला जाब विचारतात. घासाघीस करून तो घरी नेणाऱ्याला कोण विचारतो?