विंचवाचं बिऱ्हाड

माणसाला घर कशाला हवं असतं, हा प्रश्न मी बँकेत रोज सोडवतो. समोरच्याने अर्ज भरायचा, मी त्याच्या पगाराचे दाखले तपासायचे आणि पुढची वीस वर्षं त्याने दर महिन्याच्या पाच तारखेला माझी आठवण काढायची, असा हा व्यवहार आहे. मी स्वतःही ह्याच मार्गाने नारायणगावात दोन खोल्यांचा मालक झालो. पण त्या खोल्यांची किल्ली हातात पडून पुरते सहा महिने झाले नसतील, तोच त्या खोल्या सोडून दुसरीकडे कसं जाता येईल, ह्याचे बेत आमच्या घरात सुरू झाले. घरासाठी एक कर्ज आणि घराबाहेर राहण्यासाठी दुसरं कर्ज! माझ्यासारख्या बी.कॉम. माणसालाही हा हिशेब अजून नीट मांडता आलेला नाही.

ह्या दुसऱ्या कर्जाचं मूळ म्हणजे आमचे मेहुणे. त्यांचं मंचरला गाड्यांच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप आहे. २०१८ साली सरकारने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही काढलं. मेहुण्यांनी दोन्ही बातम्या कापून जपून ठेवल्या होत्या. "दाजी, सरकार म्हणतंय फिरा, आणि तुम्ही घरात बसता!" अशा सुरात ते बोलू लागले, की मी शासन निर्णयाचा भंग करतोय की काय, असं मला वाटायचं. शेवटी त्यांच्याकडचा एक जुना टेम्पो, त्यात दोन फळ्यांचे पलंग, एक गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि दुमडून भिंतीला लागणारं टेबल, असं एक चाकांवरचं बिऱ्हाड तयार झालं. त्याचं आरटीओत पासिंग व्हायला जेवढे दिवस लागले, तेवढ्यात आमचं लग्न जमून, मोडून, पुन्हा जमलं असतं. गाडीचं नाव मी 'पुष्पक' ठेवणार होतो. ही म्हणाली, "पुष्पकात रावणाने सीतेला पळवून नेली होती. मला काही कुणी पळवून नेत नाहीये. मीच डबे भरून निघालेय."

आमचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि होळीला संपतो. त्यातही बँकेला सुट्टी हवी. २०१५ सालापासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्यामुळे महिन्यातून दोनदा आम्ही भटके होतो आणि उरलेले दिवस सभ्य गृहस्थ असतो. पावसाळ्यात गाडी पत्र्याखाली उभी असते. खरी मौज तेव्हा. बाहेर धो धो पाऊस, आत कांदाभजी आणि टेबलावर आमची प्रवासाची वही. वहीच्या डाव्या पानावर खर्च : डिझेल, गॅस, टायर, गाडी उभी करू देणाऱ्या शेतकऱ्याला द्यायचे पैसे. उजवं पान जमेचं. तिथे 'आनंद' असं लिहून मी पुढे रकमेची जागा मोकळी सोडली होती. हिने तिथे 'साखर दोन किलो' लिहिलं आणि पान सत्कारणी लावलं.

माझा असा अनुभव आहे, की प्रवासातला बारा आणे आनंद बेतातच असतो. बेतातल्या प्रवासात डास नसतात. बेतातल्या प्रवासात बायको "मी म्हणत नव्हते?" असं म्हणत नाही.

तरी आम्ही फिरलो, हे खरं. नाणेघाटात गेलो. तिथे सातवाहनांच्या काळातल्या लेण्यात राणी नागनिकेच्या वेळचा लेख आहे. यज्ञात किती गाई दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण, सगळं दगडात कोरलेलं. दोन हजार वर्षं टिकलेली खतावणी पाहून मी पायातल्या चपला काढल्या. ही म्हणाली, "देव पुढे आहे." मी म्हटलं, "माझा इथेच आहे." घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांनी जकात त्यात टाकायची, अशी परंपरा सांगतात. थोडक्यात, रोखपालाचं पहिलं काउंटर. फक्त त्याला 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी नव्हती.

लेण्याद्री झालं, ओझर झालं, शिवनेरी झाला. ओतूरच्या बाजूला एका रानात मुक्काम केला तेव्हा मध्यरात्री गाडीला बाहेरून काहीतरी घासू लागलं. जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या असणं म्हणजे पुण्यात पेठेत पाटी असण्याइतकं नेहमीचं. बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालते. हिने माझ्या हातात लाटणं दिलं आणि स्वतः माझ्या मागे उभी राहिली. वन्य प्राण्यांबाबत हिचं धोरण स्पष्ट आहे : आधी कुटुंबप्रमुख. उजाडल्यावर पाहिलं तर शेतकऱ्याची शेळी दोर तोडून आली होती आणि आमच्या मडगार्डला लावलेली झेंडूची माळ संपवून शांतपणे रवंथ करत होती.

अशा आमच्या कथा सांगून मी शाखेत थोडा भाव खाऊ लागलो होतो. "आपण काय बुवा, भटके! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" हे वाक्य तर मी दर सोमवारी म्हणत असे. ते वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, तेच आता सांगायचं आहे.

गेल्या जानेवारीत आम्ही भीमाशंकरहून परतताना वाकडी वाट करून पारगावच्या बाजूने, आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातून येत होतो. हा सगळा उसाचा मुलूख. जुन्नरात विघ्नहर, आंबेगावात भीमाशंकर, असे दोन सहकारी साखर कारखाने. थंडीत इथला रस्ता म्हणजे उसाच्या गाड्यांची मिरवणूक असते. संध्याकाळी आमचा फॅनबेल्ट तुटला. मेहुण्यांना फोन केला. ते म्हणाले, "सकाळी येतो. गाडीतच तर राहायचंय तुम्हाला!" त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. राहण्याची सोय सोबत असण्याचा हा तोटा आहे. तुमच्यासाठी कुणी धावत येत नाही.

आम्ही रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागेत गाडी ढकलली. पलीकडेच ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या होत्या. बांबू, पाचट, वर प्लॅस्टिकचा कागद. शेजारी टायरच्या बैलगाड्या, बैलांसमोर उसाचे वाढे. माणसं बीडकडची. अंधार पडता पडता एक बाई पाण्याची कळशी घेऊन जाताना आमच्यापाशी थांबली. शेगडी, पलंग, दोरीवर वाळत घातलेला माझा टॉवेल, सगळं तिने नीट पाहिलं आणि फार मायेने हिला विचारलं, "तुमच्याकडं बी पाऊस न्हाई झाला का वो, ताई?"

ही गोंधळली. "झाला ना. चांगला झाला."

"मग शेत न्हाई का?"

"शेत नाही. पण घर आहे. नारायणगावला. दोन खोल्या आहेत."

"घर हाय?" बाईने कळशी खाली ठेवली. "मग असं गाडीत कशाला ऱ्हाता?"

मी पदवीधर माणूस. विरंगुळा, निसर्ग, मोकळी हवा, रोजच्या रहाटगाडग्यातून सुटका असे सगळे शब्द माझ्या तोंडाशी आले आणि तिथेच थांबले. हिने मात्र खरं सांगितलं. म्हणाली, "हौस म्हणून."

बाई हसली. त्यात कुचेष्टा नव्हती. लहान पोर चिखलात का खेळतं, ह्यावर आई हसते तशी हसली आणि जाऊन आमच्यासाठी भाकरीबरोबर खायला ठेचा घेऊन आली. आमची स्टोव्हपिनपासून औषधापर्यंत सर्व तयारी होती, ठेचा तेवढा नव्हता.

रात्री त्यांच्या शेकोटीशी बसलो. नवरा, बायको आणि सातवीतला एक मुलगा. धाकटी मुलगी गावी आजीजवळ. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. हिशेबाच्या वहीत ती दोन माणसं नसतातच, एक नग असतो. आमच्याकडे संयुक्त खातं असतं, पण त्यात निदान दोघांची नावं तरी लिहितात. हा कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. एक जण पडला तर कोयता पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती ऊस तोडून फेडायची. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर.

म्हणजे पावसाळ्यात तेही दोघं बेतच करत होते! पाऊस पडत असताना बसून ठरवायचं : यंदा उचल किती घ्यायची, पोराला न्यायचं की ठेवायचं, म्हातारीला कोण बघणार, बैल जुनेच जुंपायचे की बदलायचे. आमचीही वही, त्यांचीही वही. डाव्या पानावरचे रकानेसुद्धा फारसे वेगळे नसावेत.

मी बँकेतला आहे हे कळल्यावर नवऱ्याने पोराकडून त्याची शाळेची वही मागवली. पोराने आईबापाच्या तोडीचा सगळा हिशेब त्यात मांडला होता. शेवटी मुकादमाने सांगितलेली बाकी आणि त्याखाली पोराने काढलेली बाकी. "एवढं बघा, सायेब." मी चष्मा लावला. दोनदा बेरीज केली. पोराची बरोबर होती. मुकादमाची चुकली होती, साडेचार हजारांनी. ती कुणाच्या फायद्याची चुकली होती, हे सांगायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

मला एकदम स्फुरण चढलं. पंचवीस-तीस रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत शाखेत बसणारा मी! म्हटलं, "अहो, ही चूक आहे. उद्याच्या उद्या सांगा त्याला."

"ठाव हाय की, सायेब." तो शांतपणे म्हणाला. "पोरानं मागल्याच म्हयन्यात काढलंय."

"मग सांगत का नाही?"

"सांगितलं आन त्यो म्हनला, पुढल्या साली दुसरा कोयता बघतो, तर?"

मी गप्प झालो. मग जरा रागानेच विचारलं, "अहो, मग मला कशाला तपासायला लावलंत?"

तो पोराकडे बघत म्हणाला, "म्हनलं, पोराची बेरीज बरोबर हाय का बघावं. शाळा बुडती न त्याची."

मी खिशातलं पेन काढून पोराच्या बेरजेखाली 'बरोबर' असं लिहिलं आणि सही केली. बँकेत माझ्या सहीला दुसऱ्या सहीशिवाय किंमत नाही. पण पोराने वही अशी छातीशी धरली, की एवढा मोठा अधिकारी मी आयुष्यात कधी झालो नव्हतो आणि होणारही नाही.

रात्री फळीवर पडल्या पडल्या विचार करत होतो. प्रवास कशाला म्हणायचं? हाल होतात तो प्रवास नव्हे, असं म्हणावं तर वारकरी ऊन-पावसात पंढरपूरपर्यंत चालतो, मिळेल तिथे अंग टाकतो, पण त्याला कुणी बिचारा म्हणत नाही. घर सुटलं म्हणजे वाईट, असं म्हणावं तर नारायणगावच्या तमाशाचे फड गावोगाव राहुट्या ठोकत फिरतात आणि गावं त्यांची वाट बघतात. बरं, जागेवर राहिलं म्हणजे सुटलो, असंही नाही. ज्या आंबेगावाचं नाव ह्या तालुक्याला आहे, ते गाव कुठेच गेलं नव्हतं. डिंभे धरणाचं पाणीच त्याच्याकडे आलं.

मग फरक कुठे? मला वाटतं, तो त्या साडेचार हजारांत आहे. मला माझी बेरीज चुकली म्हणून भांडता येतं. माझा फॅनबेल्ट तुटला तर मी मेहुण्याला शिव्या देऊन घरी जाऊ शकतो. ज्याला 'हा हिशेब चूक आहे' असं म्हणून उठता येतं, तो प्रवासी. ज्याला बेरीज येते, चूकही दिसते आणि तरी सकाळी उठून उसात जावं लागतं, त्याला काय म्हणायचं, त्यासाठी मला शब्द सापडला नाही. पण 'विंचवाचं बिऱ्हाड' हा शब्द त्याचा आहे, माझा नाही, एवढं कळलं. विंचू हौस म्हणून बिऱ्हाड पाठीवर घेत नाही.

सकाळी मेहुणे आले, बेल्ट बसला. तोवर कोप्या रिकाम्या झाल्या होत्या. माणसं अंधारातच फडात गेली होती. मी मुकादमाला गाठून बोलायला हवं होतं का? हिने वाटेत दोनदा विचारलं. मी म्हटलं, "आपण रविवारी घरी असू. ते एप्रिलपर्यंत इथे आहेत. माझ्या शौर्याची किंमत त्यांनी भरायची?" मुद्दा बिनतोड होता. ही गप्प बसली. पण इतका बिनतोड मुद्दा मला इतक्या पटकन कसा सुचला, ह्याचाच मला संशय आहे.

बँकेत ज्या रकमेचा मेळ लागत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. तिथे ती मिटत नाही, नुसती पडून राहते आणि दर तपासणीला ऑडिटर तिच्यावर बोट ठेवतो. ह्या पावसाळ्यात पुन्हा भजी झाली, पुन्हा वही निघाली. माळशेजचा बेत करता करता ही मध्येच म्हणाली, "त्यांचं यंदा कुठे ठरलं असेल हो?" मी उत्तर दिलं नाही. वहीचं उजवं पान उघडलं. साखर दोन किलोच्या खाली अजून जागा मोकळी होती. तिथे लिहिलं : सस्पेन्स, साडेचार हजार.