बिलाच्या रांगेतला शेजारी



आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबावर जे ओढवले, ते त्यांच्या परवानगीने, नाव न घेता आज लिहीत आहे. त्यात माझीही एक चूक आहे. ती तुमच्यासमोर कबूल केल्याशिवाय या विषयावर बोध करण्याचा मला अधिकार नाही.

फौंड्रीत मोल्डिंगला काम करणारे ते गृहस्थ. दुसरी पाळी संपवून रात्री घरी आले, जेवायला बसले आणि ताटावरच कलंडले. शेजाऱ्याने गाडी काढली. तावडे हॉटेलच्या चौकात गाडी क्षणभर थांबली. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरला न्यायचे, की खासगी रुग्णालयात? कुणीतरी म्हणाले, "तिथं गर्दी असते, वेळ नको घालवायला." खासगीत दाखल केले. अनामत भरली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आयसीयूचे दार बंद झाले आणि पत्नी व मुलगी बाहेरच्या बाकावर बसल्या.

तिसऱ्या दिवशी मी पवित्र तेल घेऊन गेलो. रुग्णाभ्यंग संस्कार दिला आणि बाहेर आलो. पत्नी म्हणाल्या, "फादर, आम्हांला कुणी काही सांगत नाही. तुम्ही विचारा ना." मी विचारले. माझा पांढरा झगा पाहून म्हणा, किंवा मी इंग्रजीतून बोललो म्हणून म्हणा, डॉक्टर थांबले. पाच मिनिटे त्यांनी मला सगळे नीट समजावून सांगितले. आशा फार थोडी आहे, दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे, असे त्यांच्या बोलण्यातून स्पष्ट कळले.

आणि बाहेर येऊन मी त्या बाईंना काय सांगितले? "देवावर भरवसा ठेवा. आपण प्रार्थना करू." एवढेच. मोटारसायकल सुरू केली आणि शिरोलीला परत आलो. संध्याकाळी गायनवृंदाची सभा होती.

सहाव्या दिवशी ते प्रभूघरी गेले. महिन्याच्या मिस्सानंतर मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा बाईंनी प्लास्टिकची एक पिशवी माझ्यापुढे ठेवली. तीत औषधांच्या, तपासण्यांच्या आणि अनामतीच्या पावत्या होत्या. गळ्यातले सोने गहाण पडले होते. पण त्यांचे दुःख सोन्याचे नव्हते. त्या म्हणाल्या, "दुपारपर्यंत पैसे भरा असं सांगितलं होतं. पोरगी भावाकडं पैसे आणायला गेली. मी खाली बिलाच्या रांगेत होते. माझ्यापुढं चार माणसं होती. वर हे गेले. फादर, ती रांग कुणीही धरली असती."

मुलगी म्हणाली, "आता फार दिवस नाहीत, एवढं कुणी सांगितलं असतं, तर आईला मी खाली पाठवलंच नसतं."

मला ते माहीत होते. आयसीयूच्या बाहेर ते माहीत असलेला मी एकटाच माणूस होतो. त्या दोघींनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि म्हणूनच ते वाक्य मला अजून सोडत नाही.

बंधू-भगिनींनो, अशा वेळी मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आठवतो. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक स्त्री आहे. अनेक वैद्य करून तिचे हालच झाले, जवळचे सगळे पैसे संपले आणि दुखणे उलट वाढले, असे मार्क अगदी उघडपणे लिहितो. दोन हजार वर्षांपूर्वीची ही तक्रार आजच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर ऐकायला मिळेल. गंमत म्हणजे हीच गोष्ट लूकही सांगतो, पण वैद्यांच्या हातून झालेल्या हालांचा उल्लेख गाळतो. परंपरेप्रमाणे लूक स्वतः वैद्य होता!

पण मला आज त्या गोष्टीतले दुसरेच काही दिसते. प्रभू येशू त्या वेळी घाईत आहे. याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे. आजच्या भाषेत, ती इमर्जन्सी आहे. त्या स्त्रीने वस्त्राला हात लावला आणि ती बरी झाली. उपचार पूर्ण झाला. प्रभू तसाच पुढे गेला असता तरी वैद्यकीय दृष्टीने काहीच बिघडले नसते. तरीही तो थांबतो. कुणी स्पर्श केला, असे विचारतो. ती थरथरत पुढे येते आणि सगळे खरे खरे सांगते. प्रभू तिचे ऐकून घेतो आणि तिला 'मुली' म्हणून हाक मारतो. शरीर आधीच बरे झाले होते. बोलणे बाकी होते. ते बोलणे झाल्याशिवाय प्रभूने तिला शांतीने घरी पाठवले नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात 'व्यक्ती म्हणजे काय' यावर आम्ही महिनोन्महिने वाद घातले. त्या काउंटरवर व्यक्तीचे नाव 'बेड नंबर सात' होते. माणसाला व्यक्ती मानणे म्हणजे त्याच्याशी खरे बोलणे, हे मला त्या वर्गापेक्षा त्या बाकाने अधिक शिकवले. खरे न सांगता 'देवावर भरवसा ठेवा' म्हणणे ही श्रद्धा नव्हे. ती आपल्या भित्रेपणावर घातलेली पवित्र चादर आहे.

दुसरी गोष्ट चांगल्या शोमरोनीची. तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने जखमा बांधल्या, हे आपण लहान मुलांनाही शिकवतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. तो जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याच्याजवळ राहतो, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाशी पैशाचे बोलतो. दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, हातावर ठेवतो आणि वर लागेल ते परत येताना देईन असे सांगतो. म्हणजे हा शोमरोनी बिलापर्यंत थांबला. प्रभूला तो हिशोबही दयेचाच भाग वाटला, म्हणून तर त्याने तो सांगितला. मी तेल लावून परतलो होतो. उतारशाळेच्या मालकाशी बोलायचे राहून गेले.

आता थोडे व्यवहाराचे. हे सांगणे व्यासपीठाला शोभते का, असे कुणाला वाटेल. पण न कळल्यामुळे आपल्या माणसाचे सोने गहाण पडत असेल, तर ते सांगणे हा प्रवचनाचाच भाग आहे.

त्या गृहस्थांचे ईएसआयचे कार्ड घरी कपाटात होते. दर महिन्याला पगारातून पैसे कापले जात होते, पण त्या सहा दिवसांत ते कार्ड कुणालाच आठवले नाही. आपल्या औद्योगिक वसाहतीत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बहुतेक कामगारांना ही योजना लागू होते. पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो आणि कुटुंबालाही उपचार मिळतात. अचानक दुसरीकडे दाखल करावे लागले, तर ईएसआयच्या दवाखान्याला आणि कंपनीला ताबडतोब कळवावे. आज घरी गेल्यावर ते कार्ड कुठे आहे ते पाहा आणि पत्नीला दाखवून ठेवा.

रेशनकार्ड असलेल्या कुटुंबांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने ती सुरू झाली होती. आता तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये आहे. सगळी रुग्णालये आणि सगळे आजार तीत नाहीत. पण जी रुग्णालये आहेत तिथे 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. दाखल करतानाच त्याला गाठावे. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना लागू आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आजारी पडण्याआधी काढलेला बरा.

राज्य सरकारने २०२१ मध्ये शुश्रूषागृहांचे नियम बदलले. रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक रुग्णालयात दिसेल असे लावणे आता बंधनकारक आहे. तपशीलवार बिल मागणे हा तुमचा हक्क आहे. थकलेल्या बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे की, सही घेण्यापूर्वी उपचार काय, धोका काय आणि दुसरा पर्याय काय, हे रुग्णाला पुरेसे सांगितले पाहिजे. कोऱ्या कागदावर सही करू नका. समजले नाही तर "मराठीत सांगा, साहेब," असे नम्रपणे म्हणा. त्यात लाज कसली? कोरोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, सरकारने खासगी रुग्णालयांचे दर ठरवून दिले होते: साध्या वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. तेव्हा लेखापरीक्षकांनी बिले तपासली आणि कितीतरी बिले कमी झाली. बिलाबद्दल विचारणे म्हणजे भांडण नव्हे, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

पण हे वाचून कुणी डॉक्टरांवर दात धरू नये. आपल्याच धर्मग्रामात परिचारिका आहेत. रात्रपाळी करून रविवारी सकाळी मिस्साला मागच्या बाकावर बसतात आणि कधीकधी प्रवचनात त्यांचा डोळा लागतो. मी त्यांना कधी रागावत नाही. एका परिचारिकेने किती रुग्ण पाहायचे, हे ती ठरवत नाही, आणि बिलाचे आकडेही तिचे नसतात. आपणही कमी नाही. एका रुग्णामागे पंधरा माणसे, प्रत्येकाचा तोच प्रश्न, आणि थोडे कमीजास्त झाले की हात उगारणे. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ले होऊ नयेत म्हणून आपल्या राज्याला २०१० मध्ये कायदा करावा लागला, ही आपल्या सर्वांना खाली मान घालायला लावणारी गोष्ट आहे. शेजारच्या मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वान्लेस यांनी मिशन हॉस्पिटल उभे केले. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण प्रभूच्या नावाने आले होते. आपल्या भागातल्या किती घरांतले आजी-आजोबा त्या दवाखान्याचे नाव आजही हात जोडून घेतात. चांगल्या सेवेची आठवण तीन पिढ्या टिकते. वाईट वागणुकीचीही टिकते, हे रुग्णालय चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

मग आपण काय करायचे? माझी एक साधी विनंती आहे. त्यासाठी संस्था नको, फलक नको, पावतीपुस्तकही नको. आपल्या प्रत्येक वाडीतून दोन माणसे हवी आहेत. कुणी दाखल झाले की त्यांना निरोप जाईल. त्यांनी तीनच कामे करायची. पहिले, घरच्यांसोबत डॉक्टरांकडे जायचे, सांगितलेले वहीत लिहून घ्यायचे आणि घरच्यांना समजेल असे पुन्हा सांगायचे. दुसरे, कार्डे, दाखले, योजना यांची चौकशी पहिल्याच दिवशी करायची. तिसरे, रांग धरायची. औषधाची रांग, रिपोर्टची रांग, बिलाची रांग. म्हणजे ज्याचे माणूस आत आहे, त्याला त्याच्या माणसाजवळ राहता येईल. निवृत्त झालेले कामगार, कारकुनी केलेले, मोबाईलवर फॉर्म भरता येणारी तरुण मुले, सगळ्यांना यात जागा आहे. आपल्या परिचारिका भगिनींनी पहिल्या दिवशी कुठे काय विचारायचे, हे शिकवण्याचे कबूल केले आहे.

या यादीत पहिले नाव माझे लिहिले आहे. यापुढे मी संस्कार देऊन लगेच परतणार नाही. आणि डॉक्टर मला जे सांगतील ते घरच्यांपासून लपवणार नाही. हात हातात घेऊन, पण खरे सांगेन. मी चुकलो तर मला आठवण करून द्या.

दुसरे नाव कुणाचे आहे ते तुम्हांला सांगतो. मी हा विचार बोलून दाखवला तेव्हा त्या बाईच म्हणाल्या, "फादर, माझं नाव घाला. ती रांग मला माहीत आहे."

११ फेब्रुवारी हा दिवस पोप जॉन पॉल दुसरे यांच्या इच्छेने १९९३ पासून जगभर रुग्ण दिन म्हणून पाळला जातो. आपण तो वर्षातून एकदा पाळतो, पण रुग्ण वर्षभर असतात. आज मिस्सानंतर मंदिराच्या दारात वही ठेवलेली आहे.

हे प्रभू येशू, घाईतही तू त्या स्त्रीसाठी थांबलास. आमच्या आजाऱ्यांना तू एकटे सोडू नकोस, आणि त्यांना एकटे सोडून निघून जाण्याच्या पापाची आम्हांला क्षमा कर. डॉक्टरांना आणि परिचारिकांना बळ दे, हिशोब करणाऱ्यांना दया दे, आणि आम्हांला खरे बोलण्याचे धैर्य दे. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मग्रामगुरू