क्रोध : आकलन आणि वसुली

क्रोधाविषयीचा नैतिक विचार सामान्यतः दोन टोकांमध्ये फिरताना दिसतो. एका टोकाला षड्रिपूंची परंपरा आहे. तिच्या दृष्टीने क्रोध हा शत्रू असून त्याचे दमन हाच पुरुषार्थ होय. दुसऱ्या टोकाला, संताप बाहेर पडला की मन निवळते, ही आधुनिक समजूत आहे. परस्परविरोधी वाटणाऱ्या या भूमिकांचे गृहीत मात्र एकच आहे : क्रोध म्हणजे कोंडलेली वाफ, ती दाबायची की सोडायची, एवढाच प्रश्न. क्रोध काही सांगतही असतो, हे या रूपकात हरवते.

ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात केलेली क्रोधाची व्याख्या येथे उपयुक्त ठरते. स्वतःची वा आप्तांची अकारण अवहेलना झाल्याची जाणीव, तीतून होणारी वेदना आणि सूडाची इच्छा असे घटक तिच्यात आहेत. यांतील जाणीव हे एक विधान आहे. ते खरे वा खोटे असू शकते. सूडाची इच्छा ही मागणी आहे. ती योग्य वा अयोग्य असू शकते. विधान खरे असले म्हणून मागणी आपोआप योग्य ठरत नाही. आणि मागणी अयोग्य ठरली म्हणून विधान खोटे होत नाही. क्रोधाशी निरोगी नाते जोडणे म्हणजे हे दोन निवाडे वेगवेगळे करता येणे.

परंतु हे विधान करण्याचा अधिकार सर्वांना सारखा मिळालेला नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रौद्राचा स्थायिभाव क्रोध सांगितला असून राक्षस, दानव आणि उद्धत मनुष्य यांच्या प्रकृतीशी त्याचा संबंध जोडला आहे. वीराचा स्थायिभाव मात्र उत्साह, आणि त्याची प्रकृती उत्तम. भरताचा हेतू नाट्यप्रयोगाचा होता, हे मान्य करूनही या विभागणीचा सामाजिक प्रतिध्वनी दुर्लक्षिता येत नाही. प्रतिष्ठिताचा आवेश तो उत्साह आणि इतरांचा तो क्रोध, असा व्यवहार पुढेही चालूच राहिला. दलित साहित्यावर घेतला गेलेला आक्रस्ताळेपणाचा आक्षेप याच व्यवहारातला आहे. त्यात स्वराची चिकित्सा होते. विधान तपासायचे राहून जाते.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. जात उघड झाल्यावर निवेदकाला मारहाण होते. त्याला सोडवायला काशीनाथ धावून येतो. काशीनाथचा संताप समोरच्या माणसांवर आहे. निवेदक मात्र अखेरीस सांगतो, की आपल्याला मारले ते या माणसांनी नव्हे, मनूने. महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी झालेल्या मनुस्मृतिदहनाची पार्श्वभूमी या उद्गाराला आहे. तेथेही क्रोधाने माणसे नव्हे, तर माणसांच्या वर्तनाला प्रामाण्य देणारा ग्रंथ लक्ष्य केला होता.

निवेदकाच्या या उद्गाराकडे केवळ क्षमाशीलता म्हणून पाहणे ही त्याची फसवणूक होईल. त्यात विधान मागे घेतलेले नाही. उलट ते अधिक व्यापक झाले आहे. सोडली आहे ती व्यक्तीकडून करावयाची वसुली. तथापि, एक प्रश्न उरतोच. मारणारा मनू असेल, तर ज्यांचे हात उठले त्यांचे उत्तरदायित्व कोणी घ्यायचे? व्यवस्थेवर रोखलेला क्रोध व्यक्तीला सहज दोषमुक्त करू शकतो. म्हणूनच कथेला काशीनाथ हवा आहे. निवेदकाचे आकलन आणि काशीनाथची हातांवर खिळलेली नजर यांपैकी एक जरी वगळले, तरी क्रोध अपुरा राहतो : एकाअभावी आंधळा, दुसऱ्याअभावी निराकार.

मग क्रोध आवरण्याचा उपदेश कोणी करावा? परंपरा सांगते, की अवमानाने व्यथित झालेले ज्ञानेश्वर ताटी लावून बसले आणि मुक्ताबाईने ती उघडण्याची विनवणी केली. ताटीच्या अभंगांचे नैतिक बळ केवळ त्यांतील उपदेशात नाही. ते बोलणारीच्या स्थानात आहे. ज्या बहिष्काराचे घाव भावाने सोसले, तेच तिनेही सोसले होते. ती ताटीबाहेर उभी असली, तरी दुःखाच्या बाहेर नाही. हेच शब्द बहिष्कार घालणाऱ्यांच्या तोंडी आले असते, तर ती दुसरी अवहेलना ठरली असती.

येथे क्रोधाच्या नीतिशास्त्राची एक मर्यादा स्पष्ट होते. वसुली सोडण्याचा निर्णय ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा असतो. समदुःखी त्याला विनवू शकतो. इतरांचे काम त्याआधीचे आहे, आणि ते अधिक अवघड आहे. ते म्हणजे क्रोधातील विधान ऐकणे, तपासणे आणि खरे ठरल्यास तसे मान्य करणे. दलित साहित्याच्या वाचकाला हे काम टाळता येत नाही, कारण पुष्कळदा त्या विधानात त्याचाही उल्लेख असतो. रौद्राचा आस्वाद घेऊन ग्रंथ मिटणारा रसिक या परीक्षेला बसलेलाच नसतो.