एका मुलाचे दोन अहवाल

न्यूझीलंडमध्ये मूल बहुधा पाचव्या वाढदिवसाच्या सुमारास शाळेत जाऊ लागतं. नव्या शैक्षणिक वर्षासाठी कोणी खोळंबून राहत नाही. वाढदिवस ऑगस्टात असेल तर शाळाही ऑगस्टात. प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या तारखेला होऊ शकते हे त्या व्यवस्थेने सहज पचवलं आहे. प्रत्येकाची शिकण्याची चाल वेगळी असते, हे पचवायला मात्र त्याच देशाला शंभराहून अधिक वर्षं लागली.

१८७७ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष झालं. सगळी मुलं एका छताखाली आली आणि मागे पडणारी मुलं ठळकपणे दिसू लागली. त्यांना दुसरीकडे पाठवायचं, हे त्यावरचं पहिलं उत्तर. १८८० साली ख्राइस्टचर्चजवळ सम्नरला कर्णबधिरांची शाळा निघाली. तिचे पहिले प्रमुख गेरिट व्हॅन आश मुलांना ओठ वाचून बोलायला शिकवत. हाताच्या खुणांना तिथे मज्जाव होता. तो जवळजवळ शंभर वर्षं टिकला, आणि खुणांच्या भाषेला अधिकृत दर्जा मिळायला २००६ साल उजाडलं. १९०८ मध्ये ओमारूच्या परिसरात ओटेकाइके इथे ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या मुलग्यांची निवासी शाळा सुरू झाली. १९१४ च्या कायद्याने तर अशी मुलं सरकारला कळवणं हे कर्तव्यच ठरवलं. त्या काळी मूल तपासायचं ते एवढंच ठरवण्यासाठी, की हे इथे राहणार की जाणार.

१९३९ मध्ये शिक्षणमंत्री पीटर फ्रेझर यांनी जाहीर केलं, की बुद्धी कमी असो वा जास्त, माणूस गरीब असो वा श्रीमंत, त्याला झेपेल तशा मोफत शिक्षणाचा त्याला हक्क आहे. ही शब्दरचना क्लॅरन्स बीबी या मानसशास्त्रज्ञाची. विधान उदात्त होतं, पण कोणाला काय झेपेल हे ठरवणार कोण, हा प्रश्न त्यात तसाच राहिला. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईवडिलांनीच वेलिंग्टनमध्ये संघटना उभी केली आणि ते ठरवण्यात आपलाही आवाज असावा असा आग्रह धरला. ‘आयएचसी’ नावाची आजची संस्था ती हीच.

खरा बदल मला मारी क्ले यांच्या कामात दिसतो. ऑकलंड विद्यापीठातल्या या संशोधिकेने साठच्या दशकात नव्याने शाळेत आलेल्या मुलांशेजारी बसून त्यांचं वाचन ऐकलं. बरोबर वाचलेल्या शब्दाला बरोबरची खूण, चुकला तर मूल नेमकं काय म्हणालं त्याची नोंद, आपणहून सुधारलं तर त्याचीही नोंद. ‘घोडा’च्या जागी ‘गाढव’ वाचणारं मूल चित्राकडे आणि अर्थाकडे पाहतंय, अक्षरांकडे नाही, हे अशा नोंदीतून कळतं. गुण देणाऱ्या चाचणीत अर्थ धरून झालेली चूक आणि अक्षरं धरून झालेली चूक, दोन्हींना सारखंच शून्य. तपासणी पहिल्यांदाच शिकवणाऱ्याच्या उपयोगाची झाली. त्यातून सत्तरच्या दशकात ‘रीडिंग रिकव्हरी’ जन्माला आली: सहा वर्षांच्या, अडखळणाऱ्या मुलाला रोज अर्धा तास, एकट्याला एक शिक्षक. ती जगभर गेली. मॅसी विद्यापीठातले विल्यम टन्मर आणि जेम्स चॅपमन यांनी पुढे आक्षेप घेतला, की ध्वनी आणि अक्षर यांची सांगड ती पुरेशी घालून देत नाही, आणि नेमकी सर्वांत अडलेली मुलंच मागे राहतात. आक्षेप मला पटतो. पण मुलाशेजारी बसण्याची क्ले यांची रीत त्याने खोटी ठरत नाही.

१९८९ च्या शिक्षण कायद्याच्या आठव्या कलमाने विशेष गरजा असलेल्या मुलांना सरकारी शाळेत इतरांइतकाच हक्क दिला. हक्क आला की पैशाचा हिशेब येतोच. १९९८ च्या सुमारास ‘ऑनगोइंग रिसोर्सिंग स्कीम’ ही जादा मदतीसाठी पैसे देणारी योजना आली. अतिशय जास्त गरज असलेल्या, शेकडा सुमारे एक इतक्याच मुलांना ती लागू होते. अर्जात मुलाला काय जमत नाही ते ठसठशीत लिहावं लागतं. त्याच सुमारास वाइकाटो विद्यापीठातल्या मार्गारेट कार बालवाड्यांसाठी ‘लर्निंग स्टोरी’ घडवत होत्या: मूल कशात रमलं, कुठे चिकाटी धरली, पुढे काय, याची शिक्षिकेने लिहिलेली छोटी गोष्ट. २००९ मध्ये विशेष गरजांच्या शालेय मुलांसाठीही अशा कथनात्मक मूल्यमापनाची मार्गदर्शिका निघाली. म्हणजे एकाच मुलाचे दोन अहवाल तयार होऊ लागले: पैसे मिळवण्यासाठी उणिवांचा, शिकवण्यासाठी सामर्थ्याचा. आई दोन्ही वाचते. पहिला वाचताना तिला काय वाटत असेल, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी करायला हवा होता.

डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या विशिष्ट अडचणीच्या, बाबतीत तर न्यूझीलंडने बरीच वर्षं नावच घेतलं नाही. शिक्का नको, गरज बघा, हे तत्त्व चांगलं; पण निनावी अडचणीला मदतही मिळेना. शिक्षण मंत्रालयाने डिस्लेक्सियाला मान्यता दिली एप्रिल २००७ मध्ये. त्याच डिसेंबरात आपल्याकडे डिस्लेक्सियावरचा ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला. महाराष्ट्राने उलट वाट धरली होती. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती १९९६ पासून मिळू लागल्या: जादा वेळ, लेखनिक. नाव आधी मिळालं, पण दहावीपर्यंतच्या वर्गांत शिकवणं बदलायचं राहून गेलं. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात खेटे घालणाऱ्या पालकांना हे सांगावं लागत नाही.

न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी यात आणखी एक काटा आहे. मुलाला ‘ऑनगोइंग रिसोर्सिंग स्कीम’ची गरज पडणार असेल, तर तिथल्या स्थलांतर नियमांनी वर्षानुवर्षं ते मूल आरोग्याच्या निकषात न बसणारं, खर्चिक धरलं आहे. निकषातून सूट मागता येते, ती मिळेलच असं नाही. जो अहवाल शाळेत दार उघडतो तोच व्हिसाच्या कार्यालयात दार लावू शकतो. मग आईवडील तपासणीच टाळतात, आणि मुलाची मोलाची वर्षं जातात. देशाने आपल्या शाळेत दिलेला हक्क सरहद्दीवर काढून घ्यावा, हे मला अन्यायाचं वाटतं.

२०२५ पासून तिथे वाचनशिक्षणाची नवी पद्धत आली. रीडिंग रिकव्हरीचा सरकारी पैसा थांबला, आणि शाळेत येऊन वीस व चाळीस आठवडे झाले की ध्वनी-अक्षरांची तपासणी होऊ लागली. लवकर कळलेलं बरंच. पण ती तपासणी इंग्रजीतली. घरी मराठी बोलणारं मूल तिथे अडखळलं, तर अडचण वाचनाची की अपरिचित भाषेची, हे त्या कागदावरून ठरत नाही. ते मराठीत गोष्ट सलग सांगतं का, यमक पकडतं का, बोलायला उशिरा लागलं होतं का, हे घरच्यांनाच ठाऊक असतं. शाळेतल्या बैठकीत हे सांगावं आणि अहवालात लिहून घ्यावं.