मोडलेलें यंत्र आणि पडलेला बंधु

(गलतीकरांस 6:1, प्रेषितांचीं कृत्यें 15:36-41)



पनवेलच्या बाजूस, उरणच्या किनाऱ्यावर करंजा हें कोळी लोकांचें गांव आहे. समोर खाडी, पलीकडे रेवस, जवळ द्रोणागिरीचा डोंगर. तेथील वाराही खारा. लोखंडास गंज लवकर धरतो. अशा ठिकाणीं एखादा लेथ भरतीच्या पाण्यांत बुडून वर निघाला, तर मालकापुढें प्रश्न पडतो: हा दुरुस्त करावा, कीं भंगाराच्या भावानें द्यावा?

जाणता कारागीर वरचा गंज पाहून निकाल देत नाहीं. प्रथम तो गोड्या पाण्यानें मीठ धुऊन काढतो. मीठ तसेंच ठेवून वर तेल चोपडलें, तर गंज तेलाखालीं चालूच राहतो. मग यंत्र कोरडें करून तो बेड तपासतो, कारण सर्व कामाचा सरळपणा बेडावर अवलंबून असतो. बेड शाबूत असेल, तर मोडके दांते नवे करतां येतात, झिजलेलीं बेअरिंगें बदलतां येतात. बेडच आरपार भंगला असेल, तर खर्चाचा हिशेब करून तो यंत्र सोडूनही देतो. यांत पाप नाहीं. लोखंड तें लोखंड.

परंतु हाच हिशेब आम्ही माणसास लावतों काय? दारूमुळें प्रभुभोजनापासून दूर ठेविलेला बंधु पुन्हां उपासनेच्या दाराशीं येऊन उभा राहतो, आणि आम्ही म्हणतों, याच्यावर आणखी किती श्रम घालावे? पौलानेंही मार्काविषयीं असाच निकाल दिला होता. पंफुल्यांत मार्क सोडून गेला, म्हणून त्यास सोबत नेण्यास तो कबूल होईना. बर्णबानें मात्र त्यास जवळ केलें व कुप्रास नेलें. पुढें बंदीवासांतल्या पौलानें त्याच मार्कास उपयोगी म्हणून बोलाविलें. (2 तीमथ्य 4:11)

यंत्राची किंमत त्याच्या कामावरून ठरते. माणसाची किंमत वधस्तंभावर अगोदरच भरली गेली आहे. म्हणून बंधूस उचलावें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या हातीं राहिला नाहीं. कसें उचलावें, एवढाच राहिला आहे.

तें कारागिरापासून शिकावें. प्रथम मीठ धुवावें: पाप कबूल होऊं द्यावें, त्यावर गोड शब्दांचें तेल लावूं नये. दुसरें, ज्या संगतींत तो घसरला ती सुटावी, म्हणून आपली संगत त्यास द्यावी. संध्याकाळीं त्यास एकटें सोडूं नये. तिसरें, दुरुस्त यंत्रावर पहिल्याच दिवशीं पुरा भार घालीत नाहींत. मंडळीची थैली लगेच त्याच्या हातीं देऊं नये. पण सतरंजी घालणें, दिवा लावणें हें काम अवश्य द्यावें, कारण उभें राहिलेलें यंत्र पुन्हां गंजतें.

उपदेशक बंधूंनो, पंचांनो, हें सर्व सौम्यतेनें करावें. आम्हीही घसरणारेच आहों. या आठवड्यांत अशा एका बंधूच्या घरीं जा. हरवलेलें मेंढरूं आपण होऊन परत येईल, म्हणून मेंढपाळ घरीं बसून राहिला नाहीं. प्रभु आम्हांस त्याचें मन व धीर देवो. आमेन.