वायरमनचं स्वकर्म

नागपूरच्या नंदनवन भागातल्या जगनाडे चौकाला ज्या संताजी जगनाडे महाराजांचं नाव आहे, ते तेलाचा घाणा चालवायचे आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवायचे. गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी हेही असेच हातानं काम करणारे. विठ्ठलासाठी धंदा सोडावा लागत नाही, हे त्यांनी जगून दाखवलं. तो धंदा मात्र जन्मानं ठरलेला असे.

वायरमनला तसा वारसा नाही. सुतार, लोहार, कुंभार बलुतेदारांत मोडतात. त्या यादीत वीज कुठून असणार? आयटीआयमध्ये ‘वीजतंत्री’चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही जातीचा मुलगा वा मुलगी शिकू शकते. जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडलं होतं. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना देशाच्या वीजधोरणाची पायाभरणीही त्यांनी केली. मग गीतेचा अठरावा अध्याय ज्या स्वकर्माला पूजा मानतो, ते कुळानं काहीच न दिलेल्या या कारागिराचं कोणतं?

त्याचं उत्तर अर्थिंगमध्ये, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीत आहे.

सुताराचं दार नीट बसलं नाही तर ते लगेच कुरकुरतं. नळाचा सांधा कच्चा राहिला तर पाणी ठिबकतं. अर्थिंग नसलं तरी दिवा लागतो, पंखा फिरतो, कूलर गार हवा देतो. गिऱ्हाईक समाधानानं पैसे मोजतं. नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा लोखंडी कूलर दिवसरात्र चालतात. पंपाच्या वायरचं आवरण झिजलं की फेज पत्र्यात उतरते. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला प्रवाह तोडणारं आरसीसीबी असेल तर पुरवठा क्षणात बंद पडतो. नसेल तर २३० व्होल्ट वाट पाहत राहतात, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून टाकीत पाणी भरणाऱ्या माणसाची. जास्त भार पडल्यावरच तुटणाऱ्या एमसीबीला या गळतीचा पत्ताही लागत नाही, कारण जीव घ्यायला पुरेसा करंट एमसीबीच्या हिशेबी नगण्य असतो.

गवंड्याच्या खांबातली सळईसुद्धा झाकली जाते, हे खरं. पण खांबावर इंजिनिअरची नजर असते. जुन्या घरात भर दुपारी जोडलेल्या कूलरच्या प्लगमागे कोण बघतं? तिथं ‘अर्थिंग नाही, जोडून देणार नाही’ असं सांगणारा वायरमन कधी न भेटलेल्या माणसाचा जीव राखतो. स्वकर्माला पूजा म्हणायचं असेल, तर ती या नकारात आहे. खंडेनवमीला पक्कड-टेस्टरला वाहिलेलं फूल त्यानंतरचं. त्या नकारापायी मजुरी बुडते ती त्याची एकट्याची. घरमालकानं अर्थिंगचा खर्च आधी मान्य केला, तर वायरमनवर ही पाळी येणार नाही.