रान किती थांबेल?

तासगाव तालुक्यात मणेराजुरीच्या शिवारात मामांची अडीच एकर द्राक्षबाग आहे. माझं रान कोरेगावकडं, चार एकर, तेही तीन तुकड्यांत. एकात आलं, एकात ऊस, एकात घेवडा. वडील गेल्यापासून दोन वर्षं मी भाड्याच्या ट्रॅक्टरवर शेती रेटतेय. यंदा स्वतःचा मिनी ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं आणि तिथंच अडकले. नवा घ्यावा तर कर्ज, जुना घ्यावा तर धास्ती. त्यात मामा त्यांचा आठ वर्षांचा, १८ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर काढून नवा घेणार असल्याचं कानावर आलं. हिशेबाचा कागद घेऊन मी बागेतल्या शेडवर पोचले. तिथं झालेलं बोलणं आठवतं तसं मांडते आहे. हा पेच माझ्या एकटीचा नाही.

मी : मामा, सरळ विचारते. नवा घेऊ की जुना?

मामा : आधी तुझा कागद वाच.

मी : नवा ४,८०,००० ला पडतो. १,२०,००० घरातले भरते. राहिले ३,६०,०००. दहा टक्के व्याज धरलं आणि पाच वर्षांचे दहा सहामाही हप्ते, तर एकेक हप्ता ४६,६०० च्या आसपास बसतो. वर्षाला ९३,००० च्या वर. माझ्या चार एकराला वर्षभरात ट्रॅक्टरचं काम ओढूनताणून १४० तास. म्हणजे नुसता हप्ताच तासाला साडेसहाशेच्या पुढं. डिझेल वेगळं.

मामा : अनुदान धरलं नाहीस?

मी : धरलं होतं, मग खोडलं. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिलांना आणि अल्पभूधारकांना किमतीच्या ५० टक्के, जास्तीत जास्त सव्वा लाख मिळतात. पण महाडीबीटीवर अर्ज करायचा, निवड व्हायची, पूर्वसंमतीचं पत्र हातात पडायचं आणि मगच खरेदी. आधी घेतला आणि मागून अर्ज केला, तर चालत नाही. अर्ज मी करणारच आहे, पण हातात न आलेल्या पैशावर ठरवू कशी?

मामा : आणि जुन्याला?

मी : जुन्याला अनुदान नाहीच.

मामा : अजून एक लिहून ठेव. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. नवा स्वस्त झाला म्हणजे जुन्याचाही भाव उतरायला पाहिजे. विकणारा हे स्वतःहून बोलत नाही. मी विकणारा आहे, म्हणून तुला सांगतो.

मी : म्हणजे विकताय हे खरं. मग मला जास्तच अवघड झालं. कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञाचा १९७० सालचा निबंध शिकवला होता, जुन्या मोटारींच्या बाजारावरचा. पुढं २००१ साली त्याला नोबेल मिळालं. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरसकट भाव पाडून मागतो. ज्याची गाडी खरंच चांगली, तो म्हणतो या भावात नको, आणि बाजारातून उठून जातो. मागं उरतात त्या खराब गाड्या. तेव्हापासून कुठलीही जुनी वस्तू बघितली की मनात येतं, चांगली असती तर यानं विकली का असती?

मामा : हेच तुझे आजोबा खरसुंडीच्या बाजारात विचारायचे. खिलार बैलांचा बाजार तो. आगं, बैल कधी नवा मिळतो का? खोंड मिळतो, नाहीतर जुळलेला बैल मिळतो. खोंड घेतला तर त्याला औत शिकवायचं काम तुझं, पण खोड लागली तर तीही तूच लावलेली. जुळलेला पहिल्या दिवशी औताला चालतो, पण आधीच्या मालकाच्या खोडी घेऊन येतो. म्हणून दात बघायचे, चालवून बघायचा, खांद्यावर हात फिरवायचा, गाडीला जुंपून बघायचा. मग रुमालाखाली बोटं धरायची. तुझ्या त्या साहेबानं सांगितलेला आजार खरा आहे. आपली माणसं त्यावर हाताचा आणि डोळ्याचा उतारा करत आली.

मी : बैलाचे दात दिसतात. इंजिनाचे कुठं दिसतात?

मामा : दिसतात की. चल.

ट्रॅक्टर शेडच्या सावलीला उभा होता. बॉनेटच्या कडेला बोर्डो मिश्रणाचे निळसर डाग होते, दिव्याच्या वायरींची टोकं हिरवी पडली होती. क्लचच्या पायपट्टीचा रबर घासून गुळगुळीत झाला होता. तासांचा काटा ३,११२ वर उभा होता.

मामा : यावरून काय कळलं?

मी : तीन हजारांवर तास चाललाय.

मामा : काटा दोन वर्षांपूर्वीच बंद पडला. केबल तुटली, ती मी घातली नाही. आकड्यापेक्षा ही पायपट्टी खरं बोलते. आणि किती तास चालला याच्या आधी कसले तास चालला ते विचारायचं. ट्रॉली ओढलेल्या ट्रॅक्टरचा क्लच जातो, गिअर झिजतो. माझ्या ट्रॅक्टरनं ओढलं फार नाही, फवारणीचा ब्लोअर चालवला. पीटीओ ५४० फेऱ्यांवर धरायचा म्हणजे इंजिन तासन्‌तास एकाच चढ्या गतीवर. औषध रेडिएटरच्या जाळीत बसतं, तांबं आणि गंधक वायरी खातं.

मी : आणि चालू करून बघताना?

मामा : चालू करायच्या आधी इंजिनावर तळहात ठेवायचा. गार लागलं तरच पुढं जायचं. कोमट लागलं तर समज, तू यायच्या आधी त्यानं एकदा चालवून ठेवलाय. गार इंजिन किती त्रास देतं ते तुला दिसू नये म्हणून. मग धूर बघायचा. निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा हटत नसेल तर डिझेल नीट जळत नाही. ऑइल मोजायची पट्टी ओढायची, त्यावर दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. शेवटी रोटर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि चहाला बसायचं. चहा होईस्तोवर रोटर खाली आला तर लिफ्टचे सील गेले.

मी : तुमचा येतो खाली?

मामा : येतो. अर्ध्या तासात भुईला टेकतो.

मी : मी विचारलं नसतं तर सांगितलं असतं?

मामा काही वेळ बोलले नाहीत. टायरला चिकटलेली माती बोटानं काढत राहिले.

मामा : तुला सांगितलं असतं. परक्याला कदाचित नसतं सांगितलं, आणि ते बरोबर नाही हे मला कळतं. बाजार म्हणतो, घेणाऱ्यानं बघून घ्यावं. पण ज्या रानात हा रोटर अर्ध्यावर टेकणार, तिथं कुणाचं तरी पोट असतं.

मी : आता मी तुम्हाला विचारते. हा चालतो आहे, याचे दोष तुम्हाला पाठ आहेत. मग साठीला आल्यावर कर्ज काढून नवा कशाला? मला हप्त्याचा हिशेब मांडायला लावता आणि स्वतः हप्ता अंगावर घेता.

मामा : ऑक्टोबर छाटणी होऊन बाग फुलोऱ्याच्या तोंडावर आली आणि रात्री पाऊस झाला, की पानं ओली राहतात. डाऊनी रोगाला तेवढं पुरतं. सकाळी फवारणी झालीच पाहिजे. मागच्या हंगामात अशाच सकाळी हा चालू झाला नाही. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आला. कडेच्या ओळींचे घड डोळ्यांदेखत कुजले.

मी : भाड्यानं ब्लोअर नाही मिळाला?

मामा : पाऊस काय माझ्या एकट्याच्या बागेत पडला होता? त्या सकाळी ज्याचा त्याचा ब्लोअर ज्याच्या त्याच्या बागेत. भाड्याचं यंत्र एरवी रोज दारात येतं. ज्या दिवशी त्याच्यावाचून अडतं, त्या दिवशी सगळ्यांचंच अडलेलं असतं.

मी : म्हणजे तुमच्यासाठी हा जुना झाला.

मामा : माझ्या बागेसाठी झाला. माझी बाग एक दिवस थांबत नाही. तुझं रान किती थांबतं, सांग.

या प्रश्नाला माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. कागदावर किंमत होती, व्याज होतं, तास होते. रान किती दिवस थांबेल, याचा रकाना मी आखलाच नव्हता.

मी : वाफशावर आहे ते. पाऊस उघडल्यावर माझ्या काळ्या रानात वाफसा दोन-तीन दिवस टिकतो. त्याच्या आधी शिरलं तर चिखल तुडवला जातो, नंतर शिरलं तर ढेकळं निघतात. आल्याचे गादीवाफे काय, उसाची भरणी काय, एखादा दिवस थांबेल, फार तर दोन. आठवडा नाही थांबणार.

मामा : मग तू जुना की नवा हे विचारूच नको. बिघडला तर दोन दिवसांत उभा राहील का, ते विचार. सुटा भाग कोरेगावात मिळतो, साताऱ्याला जावं लागतं की पुण्याहून मागवावा लागतो? तुमच्याकडं त्या कंपनीचे ट्रॅक्टर किती दिसतात? मेकॅनिक फोन केल्यावर येतो का? नवाकोरा घेतलास आणि त्याचा भाग दहा दिवसांनी आला, तर तुझ्या रानाला तो जुनाच.

मी : पण नव्याला वॉरंटी असते. कुणीतरी लेखी जबाबदार असतं.

मामा : असावंच. वॉरंटीत भाग बदलून मिळतो. गेलेला वाफसा मिळत नाही. आणि नव्यावर विश्वास आपोआप बसतो असंही नाही. किर्लोस्करवाडी इथून लांब नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला, औंधच्या राजांनी जागा दिली म्हणून. औंध आज तुझ्या साताऱ्यात आणि कुंडल आमच्या सांगलीत. त्यांचा लोखंडी नांगर त्या काळी नवाच होता की. पण लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात. कर्मवीर भाऊराव पाटीलसुद्धा रयत शिक्षण संस्था काढायच्या आधी हे नांगर विकायला गावोगाव हिंडले. माणसं रानात उभी राहून बघायची, नांगर चालतो का, माती कशी पलटते, आणि मगच घ्यायची. नव्यालाही तपासावंच लागलं.

मी : मला यंत्रातलं काही येत नाही, मामा. जुना घ्यायचा म्हणजे रोज काहीतरी शिकायचं. नव्यात निदान तेवढी सुटका असते, आणि त्या सुटकेलाही काही किंमत आहेच ना? घरचं, शेतीचं सगळं मी एकटी बघते.

मामा : आहे. तुला ती हवी असेल तर खुशाल घे, त्यात काही कमीपणा नाही. पण त्याची किंमत कशात मोजतेस ते बघ. आल्याचा भाव पडला त्या वर्षीही हप्ता तेवढाच येणार. बिघाडाला पाना लावता येतो, हप्त्याला लावता येत नाही.

मी : एक बोलू? मनाला लागू देऊ नका. या हिशेबानं ज्याचं पीक पैशाचं त्याच्याकडं कायम नवं, आणि त्यानं झिजवलेलं आमच्यासारख्यांकडं.

मामा : माझी बाग कर्जावर उभी आहे, श्रीमंतीवर नाही. पण तू म्हणतेस ते खोटं नाही. झीज एकाकडून दुसऱ्याकडं जाते. म्हणून तरी ती लपवून पुढं सरकवू नये. माझा घ्यायचा असेल तर तुझा मेकॅनिक आण. मामाचा आहे म्हणून तपासायला लाजू नको. आज लाजलीस तर उद्या बिघडल्यावर मनात माझ्याबद्दल अढी धरशील, आणि ती कुठल्या गॅरेजात निघत नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे. कर्ज फिटलंय, नोंद उतरवायची राहिलीय. ना हरकत पत्र आणून ती मी उतरवतो, मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरू. त्याच्या आधी एक रुपया देऊ नको.

मी : आणि किंमत?

मामा : २,१०,००० सांगणार होतो. लिफ्ट आणि वायरिंगचे त्यातून वजा कर. आणि ऐक, दुरुस्तीचे म्हणून ४०,००० वेगळे ठेव, त्यांना दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. तेवढे बाजूला ठेवणं जमत नसेल तर जुना घेऊच नको. नुसती किंमत मोजून जुना घेणारा अर्धाच ट्रॅक्टर घरी नेतो.

परतीच्या वाटेवर मी कागदावर नवा रकाना आखला. नांगरट, गादीवाफे, भरणी, काढणी, असं एकेक काम लिहून प्रत्येकापुढं ते किती दिवस थांबेल ते मांडलं. 'एकही दिवस नाही' असं एकाही कामापुढं आलं नाही. दोन कामांपुढं 'दोन दिवस' आलं. मग कोरेगावच्या मेकॅनिकला याच ट्रॅक्टरच्या पाच भागांची नावं विचारली. चार तिथल्याच दुकानात होते, पाचवा साताऱ्याहून दुसऱ्या दिवशी येणारा. माझी रात्रीची झोप तेवढ्यानं परत आली.

आठ दिवसांनी मेकॅनिकला घेऊन पुन्हा मणेराजुरीला गेले. मामांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं बॉलपेननं दोषांची यादी लिहून ठेवली होती. लिफ्ट, वायरिंग, काटा, थंडीत उशिरा लागणं, पुढच्या डाव्या टायरचं ठिगळ. मी मागितलेली नसताना, खाली सही आणि तारीख घातलेली.

मेकॅनिक किल्ली फिरवायला निघाला तसं मी त्याला थांबवलं. मामा समोरच उभे होते. सख्ख्या मामाच्या ट्रॅक्टरवर असा हात ठेवायचा, म्हणून क्षणभर अवघडले. मग पुढं होऊन इंजिनावर तळहात टेकला.

इंजिन गार होतं. मामांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आता लाव."